एका वाक्यासाठी टाकलेला गळ

मासे पकडायला जायचा बेत माझा नव्हता. माझे बेत बहुधा दुसरंच कोणीतरी ठरवतं आणि मला फक्त निघायची वेळ कळवतं. तरीही या प्रकरणाला तोंड मीच फोडलं असं साडूंचं म्हणणं आहे, आणि ते मला नीट खोडून काढता येत नाही. मला बऱ्याच गोष्टी नीट खोडून काढता येत नाहीत. घरी परतताना जिन्यात मुद्दे सुचतात, पण जिन्यात ऐकायला कोणी नसतं.

आम्ही चौघे संध्याकाळी साडूंच्या व्हरांड्यात बसतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासले. त्यामुळे समोरचा माणूस कुठेतरी आकडा टाकून वीज चोरतो आहे, अशाच नजरेने ते अजून सगळ्यांकडे बघतात. दुसरे डॉक्टर. ते दातांचे डॉक्टर आहेत आणि सकाळचा दवाखाना अजून चालवतात. तिसरा कर्नल. त्याने बंदूक कधी हातात धरलेली नाही, कापडाच्या दुकानात कापड मोजण्यात त्याची हयात गेली. पण मिशा तशा आहेत आणि हुकूम सोडायची सवयही तशी आहे. चौथा मी. मला ही मंडळी वाचस्पती म्हणतात. हे कौतुक नव्हे, एवढं मला कळतं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासत असे. लोकांना वाटतं, म्हणजे याने पुष्कळ पुस्तकं वाचली असतील. तसं नाही. पुस्तक आमच्याकडे सोळा-सोळा पानांच्या तुकड्यांनी येई आणि तुकडे टेबलांवर वाटले जात. मधमाशा पाळण्यापासून पूल बांधण्यापर्यंत सगळ्याच विषयांचा मधला भाग मला चांगला ठाऊक आहे. सुरुवात आणि शेवट पलीकडच्या टेबलांवर गेले. पुलाचे खांब किती खोल न्यावेत हे मी सांगू शकतो, पण पूल मुळात कुठे बांधावा आणि बांधून झाल्यावर काय करावं, याबद्दल मी गप्प बसतो. मासेमारीच्या पुस्तकाचंही असंच झालं होतं.

त्या संध्याकाळी पाऊस पडत होता आणि सगळे कंटाळले होते. मी म्हणालो, "मी कुठेतरी वाचलंय, पावसाच्या दिवशी मासे गळाला जास्त लागतात."

मी एवढंच म्हणालो. याहून निरुपद्रवी वाक्य मला आजही सुचत नाही.

साडूंनी कप खाली ठेवला. "वाचस्पती, तुम्ही स्वतः आजवर किती मासे पकडलेत?"

"तसे... प्रत्यक्ष असे नाहीत."

"अप्रत्यक्ष किती?"

कर्नल मिशीत हसला. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं ती हसण्यापेक्षा वाईट होती. मी म्हणालो, "कसा पकडायचा ते मला माहीत आहे." ही माझी चूक. माणसाने पावसात, भर व्हरांड्यात, मीटर तपासणाऱ्यासमोर असं बोलू नये.

"ठरलं तर!" कर्नल ओरडला. "रविवारी तळ्यावर! चौघेही! ज्याचे मासे वजनाने सर्वांत कमी, तो हरला."

"आणि हरला तर काय?" डॉक्टरांनी विचारलं.

साडूंनी जरा विचार केला. त्यांचा विचार नेहमी दुसऱ्याच्या घराचा फ्यूज काढण्यावर जाऊन थांबतो. "प्रत्येकाचं एकेक ठेवणीतलं वाक्य आहे," ते म्हणाले. "कर्नलचं 'आमच्या वेळी असं नव्हतं'. डॉक्टरांचं 'हे दातांमुळे'. माझं एखादं असेलही..."

"'मी आधीच सांगितलं होतं'," आम्ही तिघे एकदम म्हणालो.

"असेल. आणि वाचस्पतींचं 'मी कुठेतरी वाचलंय'. जो हरेल, त्याने वर्षभर आपलं वाक्य या व्हरांड्यात उच्चारायचं नाही."

बाकीच्यांना ती गंमत वाटली. मला नाही वाटली. कर्नलकडे किस्से आहेत, डॉक्टरांकडे पेशंट आहेत, साडूंकडे तर अख्ख्या गावाच्या विजेची बिलं आहेत. माझ्याकडे तेवढं एकच वाक्य. ते काढून घेतलं तर मी व्हरांड्यात नुसता चहा पिणारा माणूस. आणि चहा काय, घरीही मिळतो.

*

साडू नियमाचे माणूस. परवानगीशिवाय तळ्यात बोटही बुडवायचं नाही, असं त्यांनी बजावलं आणि परवानगी आणायचं काम माझ्यावर टाकलं. "तुम्हाला वाचायची आवड आहे, तिथे पुष्कळ पाट्या आहेत," ते म्हणाले.

पाणीखात्यातला कारकून पेन्सिलीला टोक काढत होता. तो म्हणाला, "तळ्यातलं पाणी आमचं. मासे आमचे नाहीत."

मासे मत्स्यखात्याचे निघाले. मत्स्यखातं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथल्या बाई चांगल्या होत्या. "मासे घ्या की," त्या म्हणाल्या, "पण आजोबा, उभे कुठे राहणार? काठ बागखात्याचा आहे."

बागखात्यातल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, त्यामुळे मला उगीच आशा वाटली. "काठावर बसायला हरकत नाही," ते म्हणाले. "पण काठी काठावर आणि दोरा पाण्यात, म्हणजे अर्धं काम आमच्या हद्दीबाहेर. आधी पाणीखात्याचं ना-हरकत आणा."

मी परत पेन्सिलवाल्याकडे गेलो. त्याने टोक पुरतं काढून होईपर्यंत मला उभं केलं आणि मग शिक्का मारला. "फक्त रविवारसाठी आहे," तो म्हणाला. "पुढे ढकलता येणार नाही."

"पाऊस पडला तर?"

"पावसाचं आमच्याकडे काही नाही. आम्ही तो फक्त मोजतो."

इकडे ही बातमी आमच्या इमारतीत पसरली होती. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. समोरच्या शेजारीणबाई दारातच उभ्या होत्या. "भाऊजी, कणकेच्या गोळ्यांत लसूण घाला. माशांना लसूण आवडतो." वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर जिन्यात गाठून म्हणाले, "लसूण? मुळीच नाही! लसणाने मासा दूर पळतो. मध घाला. आणि बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही." मी दोघांनाही "बरोबर आहे" म्हणालो. हा माझा स्वभावच आहे. घरी येऊन अर्ध्या कणकेत लसूण घातला आणि अर्ध्या कणकेत मध. रात्रभर ओट्यावर राहून दोन्ही गोळे एकमेकांना चिकटले आणि जे झालं त्याला बायकोने नाव ठेवायचंही नाकारलं.

राहता राहिली पिशवी. डॉक्टरांनी अट घातली होती की मासा मारायचा नाही. पकडलेला मासा जाळीच्या पिशवीत घालून पिशवी पाण्यातच टांगायची, शेवटी वजन करायचं आणि सगळे सोडून द्यायचे. "आठवडाभर मी लोकांना छळतो," ते म्हणाले, "रविवारी तरी कुणाचा जीव घ्यायला लावू नका." दुकानातली पिशवी मला महाग वाटली. बायकोने जुन्या मच्छरदाणीची एक लांबलचक पिशवी शिवून दिली. शिवताना ती नाड्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मी त्या वेळी गळाला दोरा कसा बांधावा हे वाचत होतो, म्हणून "हो, हो" म्हणालो.

*

रविवारी पाऊस पडला, हे सांगायला नको. पडला म्हणजे काय, धो धो कोसळला. छत्री उघडावी तर काठी धरता येईना, काठी धरावी तर चष्म्यावर पाण्याची धार. कर्नलने मोठ्या आवाजात आमच्या जागा वाटल्या. स्टेशनमास्तरांचा सल्ला खरा असेल तर त्या एका भाषणाने निम्मं तळं रिकामं झालं असावं. साडूंनी आपल्या पाटाखाली प्लास्टिक अंथरलं, तंबू ठोकला, डब्यात गांडुळं आणली होती ती आकारानुसार लावली. माझ्याजवळ तो निनावी गोळा होता.

पहिला तासभर माझ्या गळाला फक्त माझीच बाही लागली. मी ती सोडवत होतो. पलीकडे कर्नलचा गळ झाडात अडकला आणि तो झाडालाच "खाली ये!" म्हणून दटावत होता. साडूंना एक चिमुकला मासा मिळाला. त्यांनी तो आम्हाला दाखवला नाही, पण तो मिळाल्यावर ते ज्या तऱ्हेने बसले त्यावरून आम्हाला कळलंच.

आणि मग माझ्या दोऱ्यावरचं बूच बुडालं.

मी ओढलं. खरं म्हणजे घाबरून मागे झालो, तेव्हा काठीही मागे आली आणि तिच्याबरोबर एक मासा आला. चांगला तळहाताएवढा! मी इतका गांगरलो की माशाचीच क्षमा मागितली. गळ काढायला डॉक्टर आपली चिमटी घेऊन धावत आले. माशाला हात लावायला आम्ही बाकीचे घाबरत होतो, त्यामुळे हे काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

"आ करा," ते माशाला म्हणाले. "दुखणार नाही. झालं, झालं!" गळ निघाला. मी मासा पिशवीत घातला, तोंडाची नाडी घट्ट आवळली आणि पिशवी पाण्यात सोडली.

"वाचस्पतींचं खातं उघडलं!" कर्नल झाडाखालून ओरडला. साडूंनी मान वळवली नाही, पण त्यांचा कान माझ्याकडे होता.

थोड्याच वेळात बूच पुन्हा बुडालं. पुन्हा तळहाताएवढा मासा! शेपटीला एक खाच होती. पहिल्यालाही खाच होती असं मला अंधुक आठवलं. एकाच कुटुंबातले असतील, मी मनाशी म्हणालो. मासे थव्याने फिरतात, हे तर मी कुठेतरी वाचलंच होतं. डॉक्टर पुन्हा धावत आले. चिमटी लावताना जरा थांबले.

"हा जबडा ओळखीचा वाटतो," ते म्हणाले.

"भाऊ असेल," मी म्हणालो.

तिसराही आला, शेपटीला खाच असलेलाच. तेव्हा पाऊस इतका होता की तळ्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना, पण माझ्या अंगात ऊब आली होती. वर्षानुवर्षं टेबलाशी वाकून बसणाऱ्या माझ्या पाठीला प्रथमच ताठ बसावंसं वाटलं. माशामागून मासा येत होता. मी पिशवीची नाडी सोडून आत घालत होतो, नाडी आवळत होतो आणि पिशवी पाण्यात सोडत होतो. आता मला लसणाची आणि मधाची थोरवी पटली. समोरच्या बाईंचंही बरोबर आणि स्टेशनमास्तरांचंही बरोबर. दोघांनाही "बरोबर आहे" म्हणणारा माणूसच खरा शहाणा, असा एक सिद्धांतसुद्धा माझ्या मनात तयार होऊ लागला.

चौथ्या वेळी डॉक्टर चिखलात घसरले. "अहो वाचस्पती," ते उठता उठता म्हणाले, "मी माणसांची नावं विसरतो, चेहरे विसरतो, पण तोंडं विसरत नाही. हा पेशंट मी आज तपासलाय."

"डॉक्टर, तुम्हाला ताप चढतोय," मी मायेने म्हणालो. जिंकणाऱ्या माणसाला अशी माया सुचते.

पाचव्यानंतर मी मनातल्या मनात व्हरांड्यातली वाक्यं जुळवू लागलो. साडू बोलायला तोंड उघडतील आणि मी म्हणेन, मी कुठेतरी वाचलंय. आणि कोणी विचारणार नाही, प्रत्यक्ष किती?

*

वजनाला सगळे माझ्या जागी जमले. कर्नलच्या पिशवीत बोटाएवढा एक मासा होता, तो त्याने सलाम ठोकून सादर केला. डॉक्टरांनी दिवसभर आमचेच गळ काढले होते. त्यांची काठी बाकाच्या पायाला बांधलेली होती आणि तिला एक मासा आपण होऊन लागला होता. "वेळ न घेता आलेला पेशंट," ते म्हणाले. साडूंचे दोन निघाले. त्यांनी स्प्रिंगच्या काट्यावर ते तीनदा तोलले.

"आता राजे," कर्नल म्हणाला, "काढा तुमचा खजिना."

मी दोरी ओढली. पिशवी हलकी लागली. मी म्हणालो, "पाण्यात वस्तूचं वजन कमी भरतं, मी कुठेतरी वाच..." तेवढ्यात पिशवी पाण्याबाहेर आली. तरीही हलकीच. काट्याला अडकवली तर तिच्यातून पाणी निथळलं आणि एक पान पडलं.

साडूंनी वरची नाडी सोडली, एक डोळा मिटला आणि दुसरा डोळा पिशवीच्या तोंडाला लावला, बंद मीटरच्या काचेला लावावा तसा.

"कर्नल," ते शांतपणे म्हणाले, "मला तुमच्या मिशा दिसताहेत."

कर्नल पिशवीच्या दुसऱ्या टोकाशी उभा होता. ते टोक उघडं होतं. त्यालाही एक नाडी होती, छान पांढरी, आणि ती नुसतीच लोंबत होती.

"म्हणजे वरून घातला की खालून बाहेर," डॉक्टर म्हणाले. "आणि बाहेर आला की समोरच याचा गोळा. मी सांगत होतो ना, तोच जबडा!"

"पण पकडला तर मी ना?" माझा आवाज चिरका झाला. "डॉक्टर साक्षीला आहेत! पाच वेळा!"

"पाच वेळा, पण मासा एक," साडू म्हणाले.

"बरं, एक तर एक! कर्नलच्या बोटापेक्षा मोठा होता!"

"होता. आता आहे कुठे? वजन पिशवीतल्या माशाचं करायचं ठरलंय, आठवणीतल्या नाही." मग त्यांनी काटा पुसला, खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळले. "पुस्तकी विद्या अशी असते. मी आधीच सांगितलं होतं."

ते वाक्य त्यांना वापरता येत होतं, हे मला सर्वांत जास्त लागलं.

*

घरी बायकोने मला टॉवेल दिला आणि सगळं ऐकून घेतलं. "लोडाच्या अभ्र्यासारखी शिवली होती ती," ती म्हणाली. "लोडाला दोन्ही बाजूंनी नाडी असते. दोन्ही आवळा म्हणून सांगितलं, तर पुस्तकातून मान न काढता हो म्हणालात."

"माझं वाक्य गेलं," मी म्हणालो.

"गेलं तर गेलं. एक वाक्य नसल्याने कोणी मरत नाही."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात गेलो आणि नियमाप्रमाणे गप्प बसलो. कर्नल म्हणाला की विजा उंच झाडावर पडतात. मी चहा प्यायलो. डॉक्टर म्हणाले की मुंग्यांना दात असतात का कोण जाणे. मला मुंग्यांबद्दल पूर्ण सोळा पानं ठाऊक आहेत. मी चहाच प्यायलो. साडू माझ्याकडे बघत होते, मीटर बंद आहे ना याची खात्री करावी तसे.

घरी आलो आणि मग मात्र मला राहवलं नाही. जेवताना मुंग्या सांगितल्या. हात धुताना विजा सांगितल्या. पुढच्या संध्याकाळचं साचलेलं भांडी लावताना सांगितलं, त्यात घड्याळांचे लंबक होते आणि ओल्या भिंतींची बुरशी होती. तिसऱ्या दिवशी बायको कपडे वाळत घालत होती आणि मी तिच्या मागे मागे फिरत होतो. "मी कुठेतरी वाचलंय, की सुती कापड जेव्हा..."

तिने हातातला चिमटा टोपलीत टाकला. "पूर्वी हे सगळं तिकडे सांडून यायचात का?"

"हो."

"आणि आता वर्षभर?"

"इथेच."

तिने छत्री घेतली, चपला घातल्या आणि भर पावसात जिना उतरली. मी माझी छत्री शोधेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती.

व्हरांड्यात तिघेही बसलेले होते. "भावजी," ती पायरीवरूनच साडूंना म्हणाली, "यांचं वाक्य परत द्या."

"अगं, पण स्पर्धेचा नियम आहे."

"नियम तुम्ही चौघांनी केलात, भोगतेय मी. तुम्ही तिघे वाटून घेत होतात ते आता माझ्या एकटीच्या डोक्यावर. पिशवी मी शिवली, चूक धरायची तर माझी धरा. माझं वाक्य बंद करा."

"तुझं कुठलं वाक्य आहे?" कर्नलने विचारलं.

"मला बोलायला वेळ कुठे मिळतो?"

आतून माझी मेहुणी, म्हणजे बायकोची ताई, पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो," ती साडूंना म्हणाली, "तुमचं ते 'आधीच सांगितलं होतं' मी लग्नापासून ऐकतेय. ते कोणी बंद केलं तर मी मोठं पातेलंभर खीर करीन. त्यांचं देऊन टाका."

साडू अडून बसले. आधी ते आठवड्यातून एक वाक्य द्यायला तयार झाले. बायको पायरीवरून हलली नाही. मग रोज एक, पण चहाच्या आधी. तिने छत्री झटकली, पाणी साडूंच्या पायांवर उडालं. माझ्या वाक्याचा असा भाजीबाजार मांडला गेला, आणि मी खांबाआड उभा राहून आपल्याला कोणी पाहू नये अशी इच्छा करत होतो. एखाद्या माणसाला शाळेत परत घ्या म्हणून त्याची आई मुख्याध्यापकांकडे भांडते, तेव्हा तो माणूस निदान लहान तरी असतो.

"बरं बाई, घ्या! पूर्ण परत!" साडू शेवटी म्हणाले. "वाचस्पती, या इकडे. बोला."

मी खांबामागून पुढे आलो. सगळे माझ्याकडे बघत होते. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. एरवी मी बोलत असतो आणि कोणी बघत नसतं. माझ्या डोक्यात मुंग्या नव्हत्या, विजा नव्हत्या, एकही पान नव्हतं.

"बोला ना," बायको दबक्या आवाजात म्हणाली. "एवढी भिजत आलेय मी."

तिच्या पदरातून पाणी ठिबकत होतं. पायरीवर थारोळं झालं होतं.

"मी कुठेतरी वाचलंय," मी म्हणालो, "की भिजलेल्या माणसाला आधी कोरडा टॉवेल द्यावा, मग आलं घालून चहा द्यावा, आणि त्या दिवशी त्याच्याशी कोणी वाद घालू नये."

हे मी कुठेच वाचलेलं नव्हतं. आता साडू विचारणार, प्रत्यक्ष किती, म्हणून मी मान खाली घातली.

"बरोबर आहे," साडू म्हणाले.

मेहुणी टॉवेल आणायला गेली. डॉक्टरांनी आपली खुर्ची बायकोला दिली. आतून आलं कुटल्याचा आवाज आला. कर्नल माझ्याजवळ सरकला आणि मिशीला हात लावून हळूच म्हणाला, "आमच्या वेळी असली पुस्तकं नव्हती. नाव काय रे त्याचं?"

"ते आता मिळत नाही," मी म्हणालो.